भांडे, भट्टी आणि धातूची पारख

(काजूच्या हंगामापूर्वी ग्रामस्थ, शिक्षक व शासकीय कर्मचारी यांच्यासमोर झालेल्या भाषणाचा मजकूर)



काजूची बोंडे पिवळी-तांबडी होऊ लागली की सत्तरी, सांगे, केपे, काणकोण या डोंगराळ तालुक्यांत भट्ट्यांच्या डागडुजीस आरंभ होतो. वर्षभर आडोशाला पडून राहिलेले तांब्याचे भाण बाहेर काढले जाते. गळणारी नळी झाळून घेतली जाते, झिजलेली तोटी बदलली जाते, चेपलेले झाकण ठोकून सरळ केले जाते. हे सारे काम बहुधा घरच्या घरी अथवा गावातील कारागिराकडून होते. अशा वेळी दोन प्रश्न हमखास विचारले जातात. पैसे किती पडतील, आणि गळती थांबेल काय? या दुरुस्तीत वापरलेला धातू माणसाच्या पोटात जाण्यास योग्य आहे काय, हा तिसरा प्रश्न मात्र क्वचितच कोणी विचारतो. आजच्या भाषणाचा विषय तो तिसरा प्रश्न होय.

प्रश्न केवळ भट्टीचा नाही. आमसुले, चिंच, माडाची सूर, तिच्यापासून होणारी शिर्का, ताक आणि लोणची यांवर पोसलेल्या या प्रदेशात आंबट पदार्थाचा आणि धातूच्या भांड्याचा संबंध घरोघरी येतो. म्हणून स्वयंपाकघरापासून प्रारंभ करून मग भट्टीकडे वळणे सोयीचे ठरेल.

तीन कसोट्या

कोणताही धातू सर्वकाळ चांगला किंवा सर्वकाळ वाईट नसतो. तांब्याच्या घागरीतील पाणी पिढ्यान्‌पिढ्या प्यायले गेले, त्याने कोणाचे काही बिघडले नाही. त्याच घागरीत ताक ठेवले तर ते कळकते. धातू तोच असताना परिणाम निराळा झाला, कारण धातूला स्पर्श करणारा पदार्थ बदलला. यास्तव धातू निवडताना तीन गोष्टी पाहाव्या लागतात. त्याला लागणारा पदार्थ आंबट अथवा खारट आहे काय? तो किती तापणार आहे? आणि संबंध किती वेळ राहणार आहे? आंबटपणा, उष्णता आणि वेळ ही तिन्ही एकत्र आली की धातू विरघळण्याचा वेग वाढतो. काजूच्या भट्टीत ही तिन्ही एकत्र येतात, हे आरंभीच ध्यानात ठेवावे.

याला जोडून आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे. भांडे एकाच धातूचे आहे असे वाटते, पण वस्तुतः त्यात अनेक धातू असतात. अंग तांब्याचे, आतील लेप कथलाचा, कान पितळेचे, सांध्यातील झाळ शिशाची. भांड्याची परीक्षा करावयाची ती त्यातील सर्वांत वाईट धातूवरून.

तांबे, पितळ आणि कल्हई

तांबे शरीरास अल्प प्रमाणात आवश्यकच असते. परंतु आंबट पदार्थ तांब्यात शिजला किंवा साठला तर तांब्याचे क्षार तयार होतात आणि मळमळ, वांती, पोटदुखी उद्भवते. भांड्यावर साचणारा हिरवट-निळसर जंगाल हा त्याच जातीचा होय. पितळ म्हणजे तांबे व जस्त यांचा मिश्रधातू. तोही आंबटापुढे टिकत नाही. हे पूर्वजांना अनुभवाने ठाऊक होते आणि त्यावर त्यांनी उपाय योजला होता, तो कल्हईचा. भांडे निखाऱ्यावर तापवून, नवसागर टाकून, कथलाची कांडी आतून फिरवायची आणि कापसाच्या बोळ्याने तो रस सर्वत्र पसरायचा. कथील आंबटाला पुष्कळ दाद देत नाही आणि खालच्या तांब्या-पितळेस झाकून ठेवते. कल्हई न केलेली तांब्या-पितळेची पात्रे अन्नासाठी अयोग्य समजावीत, ही तरतूद १९५५ च्या अन्नभेसळ प्रतिबंधक नियमांत होती आणि २०११ च्या अन्नसुरक्षा विनियमांतही ती राहिली.

परंतु कल्हई झाली एवढ्याने निश्चिंत होता येत नाही. कथील महाग, शिसे त्या मानाने फार स्वस्त, आणि दोन्ही दिसावयास पांढुरकी. कथलात शिसे मिसळले तर ते वितळतेही लवकर. शुद्ध कथील २३२ अंश सेल्सिअसला वितळते. कथील व शिसे यांचे झाळकामाचे मिश्रण १८३ अंशांपासूनच पाघळू लागते. अशा मिश्रणाने कल्हई केली तर संरक्षणासाठी लावलेला लेपच विषाचा होतो. शुद्ध कथलाची कांडी कानाजवळ धरून वाकवली तर बारीक करकर ऐकू येते. शिसे निमूटपणे वाकते, आणि कागदावर घासले तर पेन्सिलीसारखी करडी रेघ उमटवते. ही घरगुती लक्षणे उघड फसवणूक ओळखण्यापुरती उपयोगी आहेत. थोडी भेसळ त्यांतून कळत नाही, त्यासाठी प्रयोगशाळाच हवी. तरीही कल्हईवाल्याला कांडी दाखवावयास सांगणे आणि ती झाळकामाची नव्हे याची खात्री करून घेणे हा गृहिणीचा अधिकार आहे.

ॲल्युमिनियम आणि स्टील

ॲल्युमिनियम हलके, स्वस्त आणि उष्णता चटकन पसरविणारे आहे. भात, डाळ, पाणी यांसाठी चांगल्या प्रतीचे भांडे चालते. आमसुलाचे सार, चिंचेची आमटी, लोणचे अथवा मिठाचे पाणी त्यात साठवू नये. खरा धोका मात्र भंगारातून ओतलेल्या भांड्यांचा आहे. इंजिनांचे तुकडे, जुने सुटे भाग आणि तारा एकत्र वितळवून ओतलेल्या भांड्यात ॲल्युमिनियमबरोबर आणखी काय आले, हे ओतणाऱ्यालाही सांगता येत नाही. आफ्रिकेतील कॅमेरून देशात अशा भांड्यांची तपासणी झाली तेव्हा त्यांतून अन्नात शिसे उतरत असल्याचे २०१४ साली प्रसिद्ध झाले. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनानेही डिसेंबर २०२४ मध्ये ॲल्युमिनियम, पितळ आणि हिंदालियम या नावाने ओळखल्या जाणाऱ्या मिश्रधातूच्या काही आयात भांड्यांविषयी याच कारणास्तव तेथील व्यापाऱ्यांना सावध केले. यावरून सर्व ॲल्युमिनियम टाकून द्यावे असा अर्थ नव्हे. भारतीय मानकाची खूण असलेले भांडे घ्यावे आणि वजनावर मिळणारे निनावी भांडे टाळावे, एवढाच बोध घ्यावयाचा.

स्टेनलेस स्टील हे आंबटासाठी सर्वांत निर्धास्त. त्यातही प्रती आहेत. ३०४ क्रमांकाच्या स्टीलमध्ये सुमारे १८ टक्के क्रोमियम व ८ टक्के निकेल असते. ३१६ क्रमांकात मॉलिब्डेनमही असल्याने ते समुद्रकाठच्या खाऱ्या हवेत व मिठाच्या पाण्यात अधिक टिकते. २०० च्या मालिकेतील स्वस्त स्टीलमध्ये निकेल कमी करून मँगनीज घातलेले असते, ते मिठाने लवकर गंजते. दुकानात लोहचुंबक लावून स्टीलची परीक्षा करण्याची प्रथा आहे, पण ती अपुरी होय. २०० च्या मालिकेतील हलके स्टीलही बहुधा चुंबकाला चिकटत नाही, आणि चिकटणारे प्रत्येक स्टील वाईट असते असेही नाही. पावतीवर प्रत लिहून घेणे हाच खात्रीचा मार्ग.

भट्टीचे भाण आणि त्याचे सांधे

आता भट्टीकडे वळू. बोंडे तुडवून काढलेला रस दोन-तीन दिवस आंबतो आणि मग भाणात उकळतो. पहिल्या ऊर्ध्वपातनाने उराक मिळतो, त्यानंतरच्या ऊर्ध्वपातनाने फेणी. काजू फेणीला २००९ साली भौगोलिक निर्देशांकाची नोंदणी मिळाली. म्हणजे हा पदार्थ आता गावापुरता राहिला नाही, गोव्याच्या नावाशी तो कायद्याने जोडला गेला आहे. पूर्वी भाण आणि वाफ गोळा करणारी लवणी ही दोन्ही मातीची असत. पुढे तांबे आले आणि कित्येक ठिकाणी लवणीच्या जागी पाण्याच्या टाकीतून फिरविलेली वेटोळ्याची नळी आली.

तांबे येथे उगीच वापरले जात नाही. ते उष्णता समप्रमाणात पसरविते आणि आंबलेल्या रसातील दुर्गंधीयुक्त गंधकाच्या संयुगांना धरून ठेवते. परंतु आंबलेल्या रसात शिर्क्याचे आम्ल असते आणि त्याचा काही अंश वाफेबरोबर नळीत जातो. नळीत जंगाल साचलेला असेल तर तो विरघळून थेट फेणीत उतरतो. गाळलेल्या द्रवावर निळसर वा हिरवट झाक दिसली तर ती तांब्याची खूण समजावी आणि तो द्रव पिण्यास देऊ नये. हंगामाच्या आरंभी भाण व नळी चिंचेने अगर लिंबाने घासून, पुष्कळ पाण्याने धुऊन, एकदा नुसते पाणी उकळून त्याची वाफ नळीवाटे काढून टाकावी. हंगाम संपल्यावरही सर्व भाग कोरडे करून ठेवावे. तांब्याचा दोष असा स्वच्छतेने आवरता येतो.

शिशाचा दोष मात्र आवरता येत नाही, आणि तो बहुधा सांध्यातून शिरतो. गळती बंद करण्यासाठी रेडिओ-दुरुस्तीची झाळ वापरणे अत्यंत सोपे असते. ती मंद आचेवर वितळते, तांब्याला घट्ट धरते आणि चकचकीत दिसते. तिच्यात शिसे चाळीस टक्क्यांपर्यंत असू शकते. शिर्क्याच्या आम्लाशी शिशाचा संयोग झाला की शिशाची साखर म्हणून ओळखला जाणारा गोड क्षार तयार होतो. त्याला रंग नाही, दुर्गंध नाही. म्हणून जिभेला वा डोळ्याला तो कळत नाही. नळकामाच्या पितळी तोट्यांविषयीही सावध राहिले पाहिजे. कातकाम सुलभ व्हावे म्हणून अशा पितळेत सुमारे तीन टक्क्यांपर्यंत शिसे मुद्दाम घातलेले असते.

दगड निर्दोष होता, सांधा दोषी होता

या बाबतीत जगाचा अनुभव जुना आहे. इंग्लंडच्या डेव्हन परगण्यात सफरचंदांपासून सायडर नावाचे पेय करतात. अठराव्या शतकात तेथील लोकांना दरवर्षी भयंकर पोटशूळ होई. हातपाय लुळे पडत, काहीजण दगावत. दोष सफरचंदांच्या आंबटपणाचा, असेच सर्वांनी धरले होते. जॉर्ज बेकर या वैद्यांनी निराळा विचार केला. शेजारच्या इतर परगण्यांतही सायडर होते, मग तेथे हा शूळ का नाही? त्यांना आढळले की डेव्हनमध्ये सफरचंदे चिरडण्याचे दगडी चर अनेक तुकड्यांचे असत आणि ते तुकडे शिशाने सांधलेले असत. कोठे कोठे घाण्यांना शिशाचे अस्तरही होते. त्यांनी सायडरमधील शिसे रासायनिक परीक्षेने दाखविले आणि १७६७ साली आपला निबंध प्रसिद्ध केला. प्रारंभी त्यांच्यावर टीका झाली, कारण परगण्याच्या मुख्य धंद्याची अपकीर्ती होते असे लोकांना वाटले. पुढे घाण्यांतील शिसे काढून टाकले गेले आणि तो रोगही ओसरला. धंदा बुडाला नाही, धंद्यावरील डाग गेला.

अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स वसाहतीने तर त्याआधीच, १७२३ साली, मद्याच्या भट्टीला शिशाचे तोंड अथवा शिशाच्या नळ्या लावण्यास कायद्याने बंदी केली होती. तरीही त्याच देशातील अलाबामा राज्यात १९९० व १९९१ साली चोरट्या दारूमुळे शिशाची विषबाधा झालेले रुग्ण आढळले. अशा भट्ट्यांत वाफ थंड करण्यासाठी मोटारीचे जुने रेडिएटर वापरले जात आणि त्या रेडिएटरांचे सांधे शिशाच्या झाळीचे असत. पावणेतीनशे वर्षांत ज्ञान वाढले, पण हाताशी आलेला भंगार भाग वापरण्याचा मोह तसाच राहिला.

शिशाची बाधा एकाएकी होत नाही. भूक मंदावणे, बद्धकोष्ठ, पोटात कळा, अशक्तपणा, रक्त कमी होणे, मनगटांत जोर न राहणे अशी लक्षणे सावकाश दिसतात आणि इतर कित्येक विकारांत ती खपून जातात. ‘शिशाची कोणतीही मात्रा निर्धोक म्हणता येत नाही’ अशीच जागतिक आरोग्य संघटनेची भूमिका आहे. मुले तर गिळलेल्या शिशापैकी प्रौढांच्या चौपट-पाचपट भाग शोषून घेतात आणि त्याचा परिणाम त्यांच्या बुद्धीच्या वाढीवर होतो. मुले फेणी पीत नाहीत हे खरे, पण झाळकामाचा धूर आणि राख त्याच अंगणात पसरते जेथे ती खेळतात.

मग सांधा कशाने करावा? शक्य तेथे तांब्याच्याच रिव्हेटा माराव्यात. झाळणे आवश्यक असेल तर शिसेविरहित, म्हणजे कथलात अल्प तांबे अगर चांदी असलेली झाळ मागून घ्यावी. अधिक उष्णतेच्या जोडणीसाठी कॅडमियमविरहित चांदीची कांडी वापरावी. वेष्टणावर घटक छापलेले नसतील तर ती कांडी घेऊ नये. नळीसाठी नवे तांबे अथवा ३०४ क्रमांकाचे स्टील घ्यावे. मोटारीचा रेडिएटर, जस्ताचा मुलामा दिलेला नळ, रंगाचे वा रसायनांचे पिंप यांना भट्टीच्या जवळपासही फिरकू देऊ नये. आंबट द्रव जस्त पाहता पाहता विरघळवितो.

श्वासावाटे जाणारा धातू

आतापर्यंत पोटात जाणाऱ्या धातूचा विचार झाला. फुफ्फुसात जाणारा धातू अधिक घातक असतो. जस्ताचा मुलामा असलेला पत्रा वेल्डिंगच्या ज्वाळेत धरला की पांढरा धूर निघतो. तो हुंगणाऱ्यास काही तासांनी थंडी वाजून ताप भरतो. जुन्या प्रकारच्या चांदीच्या झाळीत कॅडमियम असे. बंद खोलीत त्याचा धूर घेतल्याने माणसे मृत्युमुखी पडली आहेत. म्हणून असे काम उघड्यावर, वाऱ्याच्या दिशेकडे पाठ करून आणि मुलांपासून दूर करावे. जस्ताचा मुलामा जोडाच्या जागेवरून आधी घासून काढावा.

या संदर्भात शिक्षकांचे लक्ष एका नव्या गोष्टीकडे वेधणे आवश्यक आहे. इलेक्ट्रॉनिक सिगारेट नावाचे उपकरण चोरून विकले जाते आणि हातात कसब असलेली काही तरुण मुले त्याचे सुटे भाग घरी घडविण्याच्या खटपटी करतात. त्यासाठी कोणता धातू निर्धोक, असा प्रश्न ती विचारतात. प्रश्न चौकस बुद्धीचा आहे, म्हणून त्याला रागावून नव्हे तर सरळ उत्तर दिले पाहिजे. या उपकरणात बारीक तारेचे वेटोळे द्रवात भिजलेले असताना शेकडो अंश तापते आणि निघालेली वाफ थेट फुफ्फुसात ओढली जाते. तीन कसोट्यांपैकी उष्णतेची कसोटी येथे टोकाला पोहोचलेली असते, आणि मध्ये पोट नाही, यकृत नाही. कॅलिफोर्नियातील संशोधकांना २०१३ साली अशा वाफेत कथील, निकेल, चांदी यांचे कण आढळले. त्यांतील कथील झाळीच्या सांध्यांतून आल्याचे दिसले. जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१८ साली नित्य वापरणाऱ्यांची उपकरणे तपासली. बाटलीतील द्रवात धातू अल्प होते, उपकरणातून निघालेल्या वाफेत मात्र शिसे, निकेल, क्रोमियम यांचे प्रमाण पुष्कळ वाढलेले होते. म्हणजे ते तापलेल्या वेटोळ्यातून आले. नामांकित कारखान्यात घडविलेल्या भागांची ही स्थिती, तर पितळेच्या तुकड्यातून आणि झाळीच्या थेंबातून घरी घडविलेल्या भागाविषयी अधिक बोलावयास नको.

या हेतूसाठी निर्धोक धातू कोणता, याचे प्रामाणिक उत्तर एकच आहे, की असा धातू नाही. स्वयंपाकघरात उत्तम ठरणारे स्टीलही येथे निकेल व क्रोमियमचा उगम ठरू शकते. शिवाय इलेक्ट्रॉनिक सिगारेटवर २०१९ च्या केंद्रीय अधिनियमाने संपूर्ण बंदी आहे. ती बंदी तयार वस्तूइतकीच तिच्या कोणत्याही भागाच्या निर्मितीसही लागू होते. पहिल्या अपराधास एक वर्षापर्यंत कारावास, एक लाख रुपयांपर्यंत दंड अथवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. गंमत म्हणून घडविलेला भागही यातून सुटत नाही, हे मुलांना वेळीच समजावून सांगावे.

प्रत्येकाचा वाटा

भट्टीधारकांनी हंगामापूर्वी भाण, नळी आणि प्रत्येक सांधा एकदा उन्हात नेऊन पाहावा. करडा, मऊ, नखाने ओरखडा पडणारा सांधा दिसला तर तो शिशाचा समजून काढून टाकावा. जुन्या सांध्यावर नवी झाळ चढवू नये. परवाना असणे वेगळे आणि सांधा शुद्ध असणे वेगळे. तसेच सांधा शुद्ध आहे म्हणून बेकायदा गाळलेली दारू निर्धोक ठरते असेही कोणी मानू नये.

तपासणीस जाणाऱ्या कर्मचाऱ्यांनी परवान्याच्या कागदाबरोबर नळीकडेही एक दृष्टी टाकावी. चूक आढळली तर प्रथम ती कशी सुधारावी हे सांगावे. गावातील कारागिराने आजवर शिशाची झाळ वापरली ती दुष्टबुद्धीने नव्हे, कोणी सांगितले नाही म्हणून. त्याला योग्य कांडी कोणती हे दाखविले तर एका माणसाच्या शिकण्याने पन्नास भट्ट्या सुधारतात. आरोग्य केंद्रांतील कर्मचाऱ्यांनी वारंवार पोटशूळाची तक्रार घेऊन येणाऱ्या माणसास त्याचा व्यवसाय विचारावा आणि शंका वाटल्यास रक्तातील शिशाची तपासणी सुचवावी.

शिक्षकांना तर प्रयोगशाळेचीही गरज नाही. एका काचेच्या पेल्यात लिंबाचा रस घेऊन त्यात तांब्याची स्वच्छ तार, दुसऱ्यात जस्ताचा मुलामा असलेला खिळा आणि तिसऱ्यात स्टीलचा चमचा आठवडाभर ठेवावा. पेले मुलांच्या हाती लागणार नाहीत अशा जागी ठेवावेत आणि शेवटी रस ओतून टाकावा. कोणता धातू बदलला, कोणत्या रसाला रंग आला, हे मुले स्वतः पाहतील आणि घरी जाऊन सांगतील. घरातील वडीलधाऱ्यांचे कान अधिकाऱ्याच्या भाषणापेक्षा मुलाच्या बोलण्याला लवकर उघडतात.

फेणीला गोव्याचे नाव लागले आहे आणि स्वयंपाकघराला घराचे. दोन्ही नावे एका सांध्यातील थेंबभर शिशाने मळू शकतात, आणि तो सांधा बदलण्यास अर्धा दिवस आणि थोडे पैसे पुरतात. या हंगामात भाण चुलीवर चढविण्यापूर्वी हा तिसरा प्रश्न प्रत्येकाने विचारावा, एवढीच विनंती.